लाल तोंडाचं माकड, काजळी माकड आणि सीडी४

एचआयव्हीवरच्या संशोधनाचं काहीही वाचायला घेतलं, की प्राण्यांच्या प्रयोगांच्या भागात एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: 'इंडियन ओरिजिन ऱ्हीसस मकॅक'. म्हणजे आपल्याकडचं मूळ असलेलं लाल तोंडाचं माकड. मथुरेला यात्रेकरूंचे चष्मे पळवतं ना, तेच. (काळ्या तोंडाचं ते वानर, ते वेगळं. आणि ढोबळमानाने गोदावरीच्या दक्षिणेला दिसतं ते टोपीसारखे केस असलेलं माकड, तेही वेगळं.)

मागे एकदा सीडी४ तपासणीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा नागपूरच्या मावशीनं विचारलं होतं, "अगं, पण माणसाच्या रक्तातल्या त्या पेशींचा माकडांशी काय संबंध?" मावशी, संबंध फार जुना आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याच देशात आहे. आज सवडीनं सांगते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात पोलिओपासून करावी लागते. १९५५ साली अमेरिकेत साल्कची लस आली. त्या लशीसाठी विषाणू वाढवायला माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत, आणि त्यासाठी ऱ्हीसस माकडं उत्तर भारतातून जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा वर्षाला लाखाच्या वर होता. प्रवासात होणाऱ्या हालांमुळे १९५५ साली भारत सरकारनं निर्यात थोडा काळ थांबवलीही होती. नंतर ती पुन्हा सुरू झाली, पण अट अशी, की माकडं फक्त वैद्यकीय संशोधनासाठी आणि लशींसाठी वापरायची. पुढे अमेरिकेत लष्करी संशोधनात या माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग होत असल्याचं उघड झालं. मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते. १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण बंद झाली, ती आजतागायत बंदच आहे.

तोवर जी माकडं तिकडे पोचली होती, ती तिकडचीच झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत सरकारी पैशानं सात प्रायमेट केंद्रं उभी राहिली होती. बंदीनंतर त्यांनी आपल्याकडच्या कळपांची पैदास वाढवली. आज प्रयोगशाळांत असलेली 'भारतीय' ऱ्हीसस माकडं ही त्या कळपांची नातवंडं-पणतवंडं. जन्म अमेरिकेतला, आणि कागदावर मात्र गावाचं नाव अजून आपलं. आपल्याकडच्या परदेशी गेलेल्या घरांसारखंच!

आता दुसरं माकड. पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट या भागात, 'सूटी मँगाबी' नावाचं माकड राहतं. रंग दिव्याच्या काजळीसारखा, म्हणून मी त्याला काजळी माकड म्हणते. निसर्गात या दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, मध्ये अख्खा समुद्र आणि अर्धा आशिया. ती गाठ पडली अमेरिकेतल्या पिंजऱ्यांत.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे माणसांमध्ये एड्स नुकताच दिसू लागला होता त्याच सुमारास, अमेरिकेतल्या काही केंद्रांतली आशियाई माकडं विचित्र आजारानं मरू लागली. वजन घटायचं, जुलाब लागायचे, एरवी निरुपद्रवी असलेले जंतू जीव घ्यायचे. १९८५ मध्ये बोस्टनजवळच्या साउथबरो इथल्या न्यू इंग्लंड केंद्रातल्या ऱ्हीसस माकडांमध्ये एचआयव्हीचा चुलतभाऊ शोभेल असा विषाणू सापडला. त्याचं नाव पुढे एसआयव्ही पडलं.

तो आला कुठून? याचा एक धागा चक्क कुष्ठरोगाच्या संशोधनातून मिळाला. लुईझियानामधल्या कोव्हिंग्टनच्या केंद्रात कुष्ठरोगाचा अभ्यास चालू होता. काजळी माकडाला नैसर्गिकरीत्या कुष्ठरोग झाल्याचं आढळलं होतं, म्हणून त्याच्या गाठींमधला अंश ऱ्हीसस माकडांना टोचला गेला. त्यातल्या काही ऱ्हीससना एड्ससारखा आजार झाला. कुष्ठजंतूबरोबर एक न बोलावलेला पाहुणाही गेला होता. १९८६ मध्ये हा विषाणू काजळी माकडाकडून आल्याचं प्रसिद्ध झालं. मग कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या केंद्रातले जुने नोंदवलेले नमुने तपासले गेले, आणि तिथेही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काजळी माकडांकडून ऱ्हीससकडे विषाणू गेल्याचं दिसलं.

इथून पुढची गोष्ट मला वर्षानुवर्षं छळत आली आहे. विषाणू तोच. ऱ्हीसस वर्षा-दोन वर्षांत खंगून मरतं. काजळी माकड म्हातारं होईपर्यंत जगतं, अगदी क्वचित एखाद्याला एड्स होतो. का?

हे कळायला आधी पेशी ओळखता यायला हव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या लिंफोसाइट सारख्याच दिसतात, गोल नि निळ्या. वारीतल्या सगळ्या टोप्या वरून सारख्या दिसतात, कुठली दिंडी कुणाची हे पताका पाहिल्यावर कळतं, तसं. पेशींच्या अंगावरही अशा पताका असतात, म्हणजे प्रथिनं. त्या ओळखायला दोन गोष्टी लागल्या. एक, स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६९ च्या सुमारास आकाराला आलेलं यंत्र. त्यात पेशी एकामागून एक प्रकाशझोतासमोरून जातात आणि चमकणाऱ्या पेशी वेगळ्या मोजल्या जातात. दुसरी, १९७५ मध्ये केंब्रिजला कोह्लर आणि मिलश्टाइन यांनी शोधलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडं. एकाच पताकेला चिकटणारं प्रतिपिंड हवं तेवढं बनवता येऊ लागलं. दोघांनी पेटंट घेतलं नाही, १९८४ चं नोबेल मात्र मिळालं.

मग जो तो आपापल्या प्रतिपिंडाला नाव देऊ लागला. एकाच पताकेची चार नावं! शेवटी १९८२ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ जमले आणि सीडी१, सीडी२, सीडी३ अशी क्रमांकांची पद्धत ठरली. सीडी४ हे नाव तिथलं. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, लंडन आणि पॅरिसच्या दोन गटांनी दाखवून दिलं, की एचआयव्ही पेशीत शिरतो तो याच सीडी४ ला धरून. ज्या पताकेवरून पेशी मोजायची, तीच विषाणूची दाराची कडी निघाली. मग सीडी४ चा आकडा म्हणजे आजार किती पुढे गेला त्याचं माप, हे ओघानंच आलं.

हा आकडा मी स्वतःच्या हातानं काढला आहे. एका जिल्ह्याच्या गावातल्या प्रयोगशाळेत काही वर्षं माझं तेच काम होतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त यायचं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आणि ठरलेल्या तासांत यंत्रावर घालायचंच, कारण मेलेली पेशी मोजून उपयोग नसतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली होती. ज्या सहा राज्यांपासून ती सुरुवात झाली त्यात महाराष्ट्र होता. पण औषधं सगळ्यांना पुरणारी नव्हती, म्हणून रेषा आखली होती: आकडा २०० च्या खाली आला, किंवा गंभीर आजार दिसला, की औषध. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० ते १५०० असतो.

लोक पहाटेची एसटी धरून यायचे. रिपोर्ट देणं माझं काम नव्हतं, ते डॉक्टर सांगायचे. तरी खिडकीशी येऊन विचारायचेच, "ताई, किती आला?" एक बाई आठवतात, विडी वळायचं काम करायच्या. नवरा आधीच गेलेला. त्यांचा आकडा २१२. सहा महिन्यांनी परत या असं त्यांना सांगितलं गेलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी अजून पुरती आजारी न्हाई मी." त्यांना रोज संध्याकाळी कणकण असायची, अंगात त्राण नसायचं. कागदावर मात्र त्या रेषेच्या वरच्या बाजूला होत्या. सहा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा आकडा १४० होता आणि औषध सुरू झालं.

माझ्या मनात तेव्हापासून बसलेला प्रश्न असा: आकडा २१२ असताना त्या बाईंच्या शरीरात जे चाललं होतं, ते आमच्या यंत्रावर का उमटत नव्हतं?

याचं उत्तर काजळी माकडाजवळ होतं, हे मला खूप नंतर, वाचता वाचता कळलं.

१९९६ मध्ये पिट्सबर्गच्या जॉन मेलर्स यांनी दाखवलं, की रक्तातल्या विषाणूंची संख्या पाहून माणसाचा आजार किती वेगानं वाढेल ते सांगता येतं. जॉन कॉफिन या शास्त्रज्ञानं त्याला आगगाडीची उपमा दिली: सीडी४ म्हणजे तुटलेल्या पुलापर्यंतचं अंतर, आणि विषाणूंची संख्या म्हणजे गाडीचा वेग. छान बसते उपमा. माणसाला लागू पडते, ऱ्हीससलाही पडते. पण काजळी माकडाच्या रक्तात मिलिलिटरमागे विषाणूंच्या लाखाच्या घरात प्रती असतात, आजारी माणसाइतक्याच. म्हणजे गाडी भरधाव आहे, आणि तरी पूल काही येत नाही!

लॉस एंजेलिसमध्ये जॅनिस जॉर्जी नावाच्या संशोधक होत्या. १९८४ पासून तिथल्या काही शहरांतल्या पुरुषांचा एक मोठा दीर्घ अभ्यास चालू होता, त्यातले नमुने त्या तपासत. सीडी४ पेशींबरोबर त्या सीडी८ पेशीही पाहत, आणि त्यांच्या अंगावर सीडी३८ ही दुसरी खूण किती आहे तेही मोजत. सीडी३८ म्हणजे पेशी कामाला जुंपलेली असल्याची खूण. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं, की पुढच्या टप्प्यातल्या आजारात माणूस किती जगेल याचा संबंध विषाणूंच्या संख्येपेक्षाही या जुंपलेपणाशी अधिक आहे.

आणि २००३ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या ग्विदो सिल्व्हेस्त्री, मार्क फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीच पताका माकडांच्या बाजूनं फडकावली. काजळी माकडं आणि ऱ्हीसस शेजारी ठेवून पाहिली, तर विषाणू दोघांतही भरपूर. फरक होता तो पेशींच्या धावपळीत. ऱ्हीससच्या टी-पेशी सतत विभागत होत्या, सतत मरत होत्या. काजळी माकडाच्या पेशी मात्र संसर्ग नसलेल्या भाऊबंदांसारख्याच शांत.

शांत म्हणजे झोपलेल्या नव्हेत बरं का. २००९ मधल्या अभ्यासांनी दाखवलं, की संसर्ग झाल्यावर आफ्रिकन माकडांचं शरीरही पहिल्या काही आठवड्यांत जोरदार आरडाओरडा करतं. पण मग ते थांबतं. ऱ्हीससचं आणि माणसाचं थांबत नाही. घरात चोर शिरला म्हणून बोंब मारणं वेगळं, आणि वर्षानुवर्षं रोज रात्रभर अख्ख्या वाड्यानं जागं राहणं वेगळं. त्या वाड्यातली माणसं चोरानं नाही, जागरणानं मरतात.

या जागरणाचं एक कारण आतड्यात आहे. १९९८ मध्ये साउथबरोच्याच केंद्रात दिसलं, की ऱ्हीससच्या आतड्यातल्या सीडी४ पेशी संसर्गानंतर काही आठवड्यांतच नष्ट होतात, रक्तातला आकडा ठीकठाक असतानाच. म्हणजे मी दंडातून घेतलेलं रक्त मोजत होते आणि खरी पडझड पोटात होऊन गेलेली असायची. २००६ मध्ये त्याच्या पुढचा दुवा मिळाला: आतड्याचं अस्तर कमकुवत झालं की जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीराला शांत बसू देत नाहीत. काजळी माकडाच्याही आतड्यातल्या पेशी कमी होतात, पण त्याच्या आतड्याची भिंत टिकते.

आणखी एक गंमत. आफ्रिकेतलं हिरवं माकड याहून चलाख. त्याची सीडी४ पेशी एकदा कामाला लागून अनुभवी झाली, की आपल्या अंगावरची सीडी४ पताका उतरवूनच ठेवते. काम तेच करते, पण विषाणूला धरायला कडीच नाही. २००९ मध्ये हे उघड झालं तेव्हा मला अगदी हसू आलं. आम्ही ज्या खुणेवरून माणसाचं आयुष्य मोजत होतो, ती खूण टाकून देऊन ही माकडं जगत होती.

हे शहाणपण एका रात्रीत आलेलं नाही. आफ्रिकेतल्या चाळीसहून अधिक जातींच्या माकडांत एसआयव्ही आढळतो. बिओको बेटावरच्या माकडांच्या अभ्यासातून २०१० मध्ये असं निघालं, की हा विषाणू किमान ३२,००० वर्षं जुना आहे. तेवढ्या काळात किती माकडं मेली असतील, त्याचा हिशेब कुठे नाही. उरली ती शांत राहू शकणारी. आपलं लाल तोंडाचं माकड या विषाणूला कधी भेटलंच नव्हतं, आणि म्हणूनच ते संशोधनाला उपयोगी पडलं. त्यातही चिनी मुळाच्या ऱ्हीससपेक्षा भारतीय मुळाच्या ऱ्हीससमध्ये आजार जास्त वेगानं वाढतो. 'इंडियन ओरिजिन' हे शब्द संशोधक इतक्या आवर्जून लिहितात ते यासाठी. आपल्या माकडाची महती काय, तर ते लवकर मरतं.

माणसालाही हा विषाणू दोन वाटांनी मिळाला. एचआयव्ही-१ चिंपांझीकडून, तर एचआयव्ही-२ याच काजळी माकडाकडून. हा दुसरा १९९१ मध्ये मुंबईतही आढळला होता. त्याचा आजार सहसा संथ असतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे विषाणू असू दे, फक्त 'शांत राहा'! नातेवाइकांच्या ग्रुपवर हे फिरायच्या आधी मीच सांगते: मनाची शांती आणि टी-पेशींची शांती यांचा असा काही सोयरसंबंध नाही. काजळी माकडाची शांती त्याच्या रक्तात उतरलेली आहे, ती ध्यान करून आपल्याला मिळणार नाही. आपल्यासाठी ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे विषाणू औषधानं दाबणं, तेही लवकर. २०१५ मधल्या 'स्टार्ट' या मोठ्या चाचणीनं दाखवलं, की सीडी४ पाचशेच्या वर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजार आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. आपल्याकडेही २०० ची रेषा वर वर सरकत गेली आणि २०१७ पासून ती पुसलीच गेली. निदान झालं की औषध, मग आकडा कितीही असो.

तरी जागरण पुरतं संपत नाही. वीस-वीस वर्षं औषध घेणाऱ्यांतही थोडी धग उरते, आणि त्यातून हृदयविकाराचा धोका वाढतो. २०२३ मध्ये 'रिप्रीव्ह' या चाचणीचा निकाल आला: एचआयव्ही असलेल्यांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची साधी गोळी दिल्यावर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून ओळखीत कुणी वर्षानुवर्षं ही औषधं घेत असेल, तर 'आकडा चांगला आहे' एवढ्यावर थांबू नका. छाती, साखर, रक्तदाब यांचंही डॉक्टरांना विचारायला सांगा.

मावशी, संबंध हा असा आहे. विडी वळणाऱ्या त्या बाईंना बरं वाटत नव्हतं आणि कागद म्हणत होता, अजून थांबा. कागद खोटं बोलत नव्हता. किती पेशी उरल्या ते त्यानं नीट सांगितलं होतं. उरलेल्या पेशी किती थकल्या आहेत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न विचारायला शिकवलं ते एका आफ्रिकन माकडाच्या जगण्यानं आणि एका भारतीय माकडाच्या मरण्यानं. दुसऱ्याला निवड नव्हती. मथुरेच्या देवळाबाहेर त्याच्या भाऊबंदाला आपण केळं देतो, हात जोडतो. तिकडे गेलेल्यांच्या वंशजांचं देणं त्याहून मोठं आहे, आणि ते कशानं फिटेल ते मला ठाऊक नाही. निदान माहीत तरी असावं, म्हणून लिहिलं.